शिळेवर नसलेले कॅप्टन ओल्ड्रॉइड

३ मार्च १९७८, शुक्रवार

लंडनहून सैन्याच्या दप्तरखान्याचं उत्तर आलं. अकरा आठवड्यांनी – अडीच ओळी! कॅप्टन लॉरेन्स ओल्ड्रॉइड, जुलै १९१६, फ्रान्समध्ये ठार. बाकीचे कागद पूर्वीच काढून टाकले आहेत म्हणे. ठार झाले हे मलाही माहीत आहे. माणूस कसा होता, ते हवंय.

गिरणीमालकांचा एकुलता एक मुलगा. गिरणीच्या फाटकावर उभं राहून त्यानं गावातली माणसं पलटणीत नेली. एकोणीस परतली नाहीत. चर्चच्या भिंतीवरच्या शिळेवर त्यांची नावं आहेत – सहावं माझ्या बाबांचं. त्याचं मात्र नाही. का नाही, कुणी धड सांगत नाही.

५ मार्च, रविवार

प्रार्थना संपल्यावर पाद्री पार्जेटरना गाठलं. नाव कोरण्याचा अर्ज त्यांच्याकडे दोनदा दिलाय. म्हणाले, "आधी नाव का गाळलं ते शोधा, मिस हॉल्डन. शिळा म्हणजे तुमच्या वर्गातला फळा नव्हे."

जेवताना आई म्हणाली, "मेलेल्या माणसामागे किती धावशील, नेल? गुडघे बघ तुझे." शहाऐंशीची बाई त्रेसष्टच्या लेकीला गुडघ्यांवरून बोलते.

८ मार्च, बुधवार

बाबा गेले तेव्हा मी दीड वर्षाची. त्यांचा आवाज नाही, चाल नाही, काहीच आठवत नाही. कॅप्टनचं पत्र तेवढं आहे. 'हॅरी क्षणात गेला. त्याला काही कळलंही नाही. सकाळीच तो आम्हांला हसवत होता.' माझ्या प्रत्येक वाढदिवसाला आई ते वाचून दाखवायची. बाबा लोकांना हसवायचे, हे मला त्या पत्रातून कळलं. ज्यानं मला एवढा तरी बाप दिला, त्याला भिंतीवर बोटभर जागा मिळू नये?

१४ मार्च, मंगळवार

अमोस थ्वेटकडे गेले. त्या पलटणीतला गावात उरलेला एकटाच. कबुतरांना दाणे घालत होता.

"साहेब चांगले होते, बाई. हेच ऐकायचंय ना? ऐकलंत."

"मग नाव का नाही?"

"घरी विचारा."

"कुणाच्या घरी?"

खुराड्यात शिरला आणि दार लावून घेतलं. मी पंधरा मिनिटं दारातल्या चिखलात.

२१ मार्च, मंगळवार

ओल्ड्रॉइडांच्या घरी जाऊन आले. घर कसलं – आता तिथे गालिचेवाल्यांचं कार्यालय. कुणाला नावही माहीत नाही. दोन बस बदलून गेले, दोन बदलून आले. वैताग.

२९ मार्च, बुधवार

अमोस स्वतःहून आला. टोपी हातात, बसायला तयार नाही.

"दुपारभर खंदकात बसून पत्रं लिहीत होते साहेब. एकोणीस. शाई मी धरली होती. सगळ्यांत तेच – क्षणात गेला, कळलंही नाही. दुसऱ्या दिवशी प्रेतं आणायला काटेरी तारेपलीकडे निघाले. जाऊ नका म्हटलं. म्हणाले, 'यांना मीच आणलंय ना, अमोस?' दहा पावलंही गेले नाहीत."

"सगळ्यांत तेच?"

त्यानं खाली पाहिलं. "बाकीचं तुमच्या आईला विचारा, बाई. मी तिला शब्द दिलाय."

३० मार्च, गुरुवार

विचारलं. आई बटाटे सोलत होती. सोलतच राहिली.

"ओल्ड्रॉइडबाई दारोदार आल्या होत्या. तुमच्या माणसांखाली माझ्या मुलाचं नाव कोरलं तर चालेल का, म्हणून. एका घरानं जरी नको म्हटलं तरी कोरणार नाही, म्हणाल्या. अठरा घरं हो म्हणाली. मी नको म्हणाले."

"पण त्यांचं पत्र –"

"हॅरी तीन तास तारेत अडकून ओरडत होता. अमोसनं सुट्टीवर आल्यावर सांगितलं." सालं गोळा केली. "तुला वाचून दाखवायला माझ्याकडे तेवढंच होतं, नेल."

"अजूनही नको?"

"अजूनही नको."

उद्या पाद्रींकडून अर्ज परत आणायचा.