आबा शाळेत का नाही गेले

गुरुजी, तुम्ही माझे वडील होता, पण शाळेच्या फाटकाच्या आत तुम्हाला आबा म्हणायची सोय नव्हती, म्हणून इथेही गुरुजीच लिहिते. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली. आता तापीकाठी, प्रकाशा गावाजवळच्या आपल्या गावातली शाळा तुमचा फोटो लावणार आहे, आणि त्या दिवशी लेकीचे चार शब्द वाचून दाखवायचे म्हणून धाकटा भाऊ माझ्या मागे लागलाय. "लिखी दे ना, बाई. मोठा मानूस व्हता आपला बाप," म्हणतो. त्याचं काय जातंय म्हणायला! तो शाळेत जायला लागला तेव्हा तुमची तळोद्याकडे बदली झाली होती. तुमच्या वर्गात बसले ती मी. चार शब्द लिहायला घेतले की माझ्या हातून शिव्याच उतरतात. म्हटलं, त्या निदान ज्याच्या त्याला तरी लिहाव्यात.

चौथीतला तो दिवस आठवतो का? तुम्हाला कसला आठवणार म्हणा. बसायच्या पट्टीखालून विंचू निघाला आणि माझ्या पायाला डसला. मी किंचाळले, "आबा!" तुम्ही फळ्यापासून धावत आलात आणि आधी माझ्या कानाखाली वाजवलीत. "इथे आबा कोण? नीट सांग." सगळा वर्ग बघतोय, पाय नुसता पेटलाय, आणि मी हाताची घडी घालून म्हणतेय, "गुरुजी, मला विंचू चावला." मग उचललंत मला, मग पळालात दवाखान्यात. पण मग! आणि गावाला तरी केवढं कौतुक त्याचं. "सोतानी आंडेरले बी सोडतस नही गुरुजी," असं पारावर बोलायचे आणि तुम्ही मिशीत हसायचात. वर्गात गोंगाट कुणीही करो, पहिली छडी स्वतःच्या लेकीला, म्हणजे पक्षपात केला असं कुणी म्हणायला नको. तुमचं नाव व्हावं म्हणून माझे हात सुजायचे.

संध्याकाळी आईनंही मलाच सुनावलं. "शाळामा गुरुजी म्हन, घर आबा म्हन. इतलं बी समजस नही का तुले?" आणि तुम्ही माझा पाय मांडीवर घेऊन बसलाय, केळं सोलून माझ्या हातात देताय आणि विचारताय, "काय वं, तुन्हा गुरुजी भलता खडूस शे का?" वर स्वतःच्याच विनोदावर हसताय. छडीचा आला नसेल एवढा राग मला त्या हसण्याचा आला. अजून येतो. घरातला माणूस एवढा मायाळू होता, तर तो रोज सकाळी कुठे ठेवून जात होतात?

मी आता जर्मनीत राहते, मुलगा इथे तिसरीत आहे. इथलं सगळं सोनंच आहे असं समजू नका. चौथी झाली की हुशार मुलं एका शाळेत आणि बाकीची दुसरीकडे, अशी पोरांची वाटणी करून टाकतात, आणि त्यावरून मी इथल्या बायांशी भांडतेही. पण गेल्या महिन्यात एक सकाळ पालकांना वर्गात बसू दिलं. गाव लहान, शाळा एकच, त्यामुळे बाईंची स्वतःची मुलगीही त्यांच्याच वर्गात. ती मधेच मोठ्यानं ओरडली, "आई, हे चिकटतच नाहीये!" आता बसणार हिच्या कानाखाली. बाई डिंकाचे हात तसेच घेऊन वळल्या आणि म्हणाल्या, "आले गं, आधी याचं बघते." झालं, एवढंच. कुणी मानसुद्धा वर केली नाही. पक्षपात झाला नाही, शिस्त बुडाली नाही. इतकं सोपं होतं ते, गुरुजी! मी बाहेर येऊन सायकलींच्या मांडवाखाली उभी राहिले आणि तुमच्या नावानं बोटं मोडत रडले.

त्या दिवशी घरी आल्यावर मुलाला विंचवाची गोष्ट सांगितली. गुरुजींनी काय केलं ते सगळं सांगितलं. हे गुरुजी कोण, ते मात्र सांगायचं राहिलं. त्याला आबा ठाऊक आहेत ते माझ्या गोष्टींतले, तापीत पोहायला शिकवणारे, केळं सोलून देणारे. हे गुरुजी त्याला नवीन. ऐकताना तो लालबुंद झाला. इथे कुणा शिक्षकानं हात उगारला तर आईबाप शाळेत जाऊन जाब विचारतात, हे त्याला पक्कं माहीत आहे.

"मग आबा शाळेत का नाही गेले?" त्यानं विचारलं. "त्या गुरुजींना ते काहीच बोलले नाहीत?"

मी कणीक मळत होते, ती मळतच राहिले. तो समोरून हलेना.

भावाला उद्या कळवते, फोटो खुशाल लावा, माझे शब्द नकोत. हा कागदही कुठे जायचा नाही, जाणार तरी कुठे? एवढं मात्र तुमच्या कानावर घालते. तुमची बाजू घ्यायचं माझ्या मनात अजिबात नव्हतं, आजही नाही. तरी मी त्याला म्हणाले, "आबांना मी कधी सांगितलंच नाही रे."