बाबांच्या टाचेची गुलाबी कड

मंगळवार, संध्याकाळ. तुकोगंजच्या दवाखान्यातून आत्ताच आलो.

बाबांच्या टाचेची जखम तीन महिन्यांत पहिल्यांदाच लहान झाली. कडेला चक्क गुलाबी मांस! चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. गुलाबीच.

मागच्या महिन्यात दुसऱ्या एका डॉक्टरांनी पाय कापावा लागेल म्हटलं होतं. तेव्हापासून मी बाबांच्या आणखीच मागे लागले होते, चोरून गोड खाता म्हणून. आज रिपोर्ट पाहिला, तर शुगर कधीचीच ताब्यात आहे. मग जखम का भरत नव्हती?

डॉक्टर मॅडमनी समजावलं. जखम झाली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात, जंतू मारतात, त्यातून सूज येते. मग त्यांनी लढणं थांबवून दुरुस्तीला लागायचं. पण शुगर फार दिवस वाढलेली असली, की त्या लढतच राहतात. शुगर ताब्यात आल्यावरही त्यांना दुरुस्तीकडे वळायला वेळ लागतो. "अब मुड़ गई हैं," गुलाबी कडेवर बोट धरून त्या म्हणाल्या.

"मतलब पैर बच गया, मॅडमजी?" बाबांनी विचारलं.

"संभालोगे तो, बिल्कुल."

बाबांचे डोळे भरले. एवढी भीती मनात होती, आणि मला ती दिसलीच नाही?

रिक्षात म्हटलं, "बाबा, उगाच बोलले तुम्हाला. चुकलं माझं."

"अगं, तुझ्या धाकानेच तर गोड सुटलं," ते हसले. मग पुढे वाकून रिक्षावाल्याला म्हणाले, "भिया, गड्ढे बचाके चलना. ये पैर अभी बहुत चलेगा."