काळजाची जागा

१२ मे, मंगळवार

परत चार! पास व्हायला दहापैकी पाच लागतात. डॉक्टर प्रिकोपनी पेपर दोन बोटांत धरून दिला, ओला मासा धरावा तसा. म्हणाले, "बाई, मूत्रपिंडाबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते वाचून वाटलं, तुमचं त्याच्याशी काही वैर आहे."

आहेच वैर. आधी ढीगभर पाणी गाळून बाहेर काढायचं आणि मग जवळजवळ सगळं परत आत घ्यायचं! आमच्या कापडगिरणीत असा कारभार करणाऱ्याला मी दुसऱ्या दिवशी दारात उभं केलं नसतं. आणि इथं म्हणे हे निसर्गाचं कौशल्य!

वर्गातल्या सगळ्या मुली एकोणीस-वीसच्या. मी छप्पन्न. पहिल्या दिवशी मी आत गेले तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या होत्या — शिक्षिका आल्या म्हणून.

१४ मे

स्वच्छ लिहून ठेवते, म्हणजे नंतर पळवाट नको.

१८ जूनला शरीरशास्त्राची तोंडी परीक्षा. पास झाले तर नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षात जाईन, आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलींना इथल्या इस्पितळात पगारी काम मिळतं, जुलैपासूनच. नापास झाले तर जुलैत परत इटलीला, ब्रेशियाला, सिन्योराकडे. तिची मुलगी दोनातेल्ला फोनवर म्हणाली, "अग्लाया, मम्मा रोज विचारते. जूनअखेरपर्यंत जागा ठेवते. मग दुसरी बाई बघावी लागेल."

गिरणी बंद पडल्यावर सहा वर्षं त्या म्हातारीला न्हाऊमाखू घातलं. बाई वाईट नव्हती. पण तेवढ्या वर्षांत मी स्वतःच्या घरात सणाला येणारी पाहुणी झाले. एका नाताळात तोआदेरनं मला विचारलं, "चहात साखर घेतेस ना?" माझा नवरा! मला!

त्याची बस-डेपोची पेन्शन आहे, पण तिच्यावर हिवाळा निघत नाही. म्हणून हे शिक्षण. एवढंच.

१९ मे

प्रयोगशाळेतल्या प्लास्टिकच्या माणसाचं यकृत हरवलंय. त्यामुळे जठर जागेवर राहत नाही. हात लावला की बाहेर येतं. मुली त्याला वासिले म्हणतात. "वासिलेनं यकृत दारूत घालवलं," मिराबेला म्हणाली आणि वर्ग खिदळला. मीही हसले. मग स्वतःचाच राग आला — हसायला वेळ आहे मला?

मिराबेला माझ्या बाकावर बसते. पहाटे बेकरीत काम करून येते, केसांत पीठ असतं. एकदा वाचलं की तिला येतं. मला वाचताना सगळं समजतं, पुस्तक मिटलं की पाटी कोरी. विद्यापीठात असताना असं नव्हतं. तेव्हा यंत्राचा एकेक दात पाठ होता.

२४ मे, रविवार

तोआदेरच्या पाठीवर स्नायू काढले. शाईपेन्सिलनं.

"गुदगुल्या होतायत."

"हलू नकोस! मानेचा वाकडा झाला."

"इतकी वर्षं सरळ होता बिचारा. तुझ्या हाती लागला आणि वाकडा झाला."

नंतर अंघोळ न करताच तळ्यावर मासे धरायला गेला आणि ऊन लागलं म्हणून सदरा काढला. मित्र ओरडले म्हणे, "अरे, बायको तुझे वाटे घालून विकणार दिसतंय! मला मांडी ठेव!" घरी येऊन हसत हसत सांगत होता. मी विचारलं, कुठल्या स्नायूचं नाव काय, ते कुणी विचारलं का?

"नाही."

मग काय उपयोग!

३१ मे

मेंदूतून निघणाऱ्या नसा बारा. सकाळी बाराही येत होत्या. जेवताना नऊ. आता पाच. बाकीच्या जातात कुठं?

७ जून, पेंटेकॉस्टचा सण

रीतीप्रमाणे दाराला लिंडनच्या झाडाच्या फांद्या लावल्या. चर्चमध्ये सगळ्यांबरोबर गुडघे टेकले आणि डोक्यात एकच — गुडघ्याच्या वाटीखालच्या अस्थिबंधाचं नाव काय? आठवेना. दुखणाऱ्या गुडघ्यांवर बसून देवाकडे तेवढं एक नाव मागितलं. लोक मेलेल्यांसाठी, पोराबाळांसाठी मागत होते.

मिळालं नाही.

१३ जून

तोआदेर पुस्तक धरून मला प्रश्न विचारतो. लॅटिन शब्दांची अशी मोडतोड करतो की ऐकवत नाही. आज मी पुस्तक हिसकावलंच.

तो म्हणाला, "गिरणीत तुला ओरडायला पाचशे बायका होत्या. आता सगळं माझ्या एकट्याच्या वाट्याला येतंय."

मी पान उलटलं.

"नापास झालीस म्हणून काय होणारे, अग्लाया?"

"जाईन ब्रेशियाला."

"नको जाऊस."

"मग हिवाळ्यात जाळायचं काय? ही पुस्तकं?"

उठून अंगणात गेला. बराच वेळ काहीतरी ठोकत होता. ठोकण्यासारखं तिथं काही नव्हतं.

१७ जून

काही येत नाही. काहीही येत नाही. पन्नाशी उलटलेल्या बाईनं बाकावर बसूच नये, असा कायदा हवा.

१८ जून, गुरुवार

नापास.

घडलं तसं लिहिते.

टेबलावर चिठ्ठ्या पालथ्या ठेवल्या होत्या. डॉक्टर प्रिकोप मध्ये, दोन्हीकडे दोन परीक्षक. मी चिठ्ठी उचलली — जठर! जागा, आकार, थर, काम. जठर मला येत होतं! तोआदेरसमोर चारदा घडाघडा म्हटलं होतं. मी ताठ उभी राहिले.

प्रिकोप म्हणाले, "आधी स्वतःच्या अंगावर हात ठेवून जागा दाखवा."

बरोबर जागी हात ठेवला. बरोबर! बरगड्यांच्या खाली, थोडा डावीकडे. आणि माझ्या तोंडून निघालं, "हे इथं, काळीज."

आमच्या खेड्यात त्या जागेला काळीजच म्हणतात. आई म्हणायची, रिकाम्या काळजानं शेतावर जाऊ नकोस. कच्चे प्लम खाल्ले की आमचं काळीज दुखायचं. कॉलेजात गेले त्या वर्षी ही सगळी बोली मी जिभेवरून खरवडून काढली होती. गिरणीत कुणाला पत्ता नव्हता मी खेड्यातली ते. आणि आज, हात जागेवर पडला मात्र, आईचा शब्द आधी बाहेर आला.

"काळीज?" प्रिकोपनी चष्मा काढला. "आणि मग तुमच्या गावात धडधडतं काय? पोट?"

परीक्षक हसले. पाठीमागे थांबलेल्या मुलीही हसल्या. फार नाही, थोड्याच. पण माझ्यावर आजवर कुणी हसलेलं नव्हतं. निदान समोर तरी.

मी म्हणाले, "चुकलं. जठर."

"नाही, नाही, काळीज तर काळीज. त्याच्या झडपा सांगा."

त्यांना थट्टाच करायची होती बहुतेक. एक झडप सांगितली असती तरी जठरावर परत आले असते. झडपा चार असतात. सकाळी चारही येत होत्या. पण डोक्यात नुसता गिरणीतल्या मागांचा खडखडाट, कामाची पाळी भरात असताना असतो तसा. त्या आवाजात चारही बुडाल्या. मग त्यांनी जठराचे थर विचारले. तेही गेले. माझं नाव विचारलं असतं तर तेही सांगता आलं नसतं.

शेवटी हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही फार मेहनत घेता. दिसतं मला. पण हे चारच."

त्यांनी ओरडायला हवं होतं. ओरडणं मला समजतं.

मिराबेलाला सात मिळाले. बाहेर माझ्या गळ्यात पडून तीच रडली. माझ्या कोटाला पीठ लागलं.

१९ जून

आत्ता, भांडी घासताना आठवलं! जठराच्या वरच्या तोंडाचं नाव कार्डिया. कार्डिया म्हणजे काळीज! ज्या विद्वानांनी ही नावं ठेवली, त्यांनाही जठर दाखवताना काळीजच आठवलं होतं. ते माझ्याच गावचे की!

हे काल म्हणायचं होतं. प्रिकोपसमोर, ताठ मानेनं. काल! आज कुणाला सांगू, पातेल्याला?

तोआदेरला सांगितलं. तो म्हणाला, "जा आत्ताच्या आत्ता, सांग त्याला."

आता काय उपयोग. गुण लागले.

२२ जून

दोनातेल्लाला कळवलं, येते. "रविवारच्या बसनं ये," म्हणाली. खूश झाली. मम्माही ऐकून टाळ्या वाजवायला लागली म्हणे. कुणीतरी मला पास केलं म्हणायचं.

मिराबेला ताजा पाव घेऊन आली. "मावशी, सप्टेंबरात फेरपरीक्षा आहे की!"

"सप्टेंबरात मी सिन्योराचे पाय चोळत असेन."

"मग वर्गात आम्ही घाबरायचं कुणाला?"

"अभ्यास कर," म्हणाले. दुसरं सुचलं नाही. ती गेल्यावर तो पाव तसाच ठेवून दिला.

२४ जून

बॅग भरली. पुस्तकं कपाटावर चढवली. खाली दिसायला नकोत.

२५ जून

तोआदेरला मक्याच्या पिठाची मामालीगा शिजवायला शिकवलं. तीनदा गुठळ्या. "ढवळ! सारखं ढवळ! मी नसले की उपाशी मरशील!" तो ढवळत राहिला. एरवी उलट बोलतो. आज नाही. माझ्याकडेही बघेना.

मला वाटलं, हाही दमला माझ्या ओरडण्याला.

२८ जून, रविवार

सकाळी इटलीची बस सुटली. खिडकीत तोआदेर होता.

माझ्याऐवजी तो जाणार, हे काल संध्याकाळपर्यंत बोलला नाही, कारण मी आडवी आले असते. सोमवारी माझा फोन झाल्यावर त्यानं दोनातेल्लाला परत फोन लावला होता. हातवारे करायची सोय नाही, इटालियनचा एक शब्द येत नाही, शाळेत इटालियन शिकलेल्या मिराबेलाला मध्ये घेऊन बोलला! दोनातेल्लाचा मामा अंथरुणाला खिळलाय, त्याला उचलायला पुरुष हवा होता; मम्मासाठी दुसरी बाई बघते म्हणाली. माझ्या बॅगेतले माझे कपडे काढून त्यानं स्वतःचे भरले. घडी न घालता.

काच सरकवून ओरडला, "सप्टेंबरात पास हो! नाहीतर मला इटालियन शिकावं लागेल!"

सगळी बस हसली. मी म्हणाले, "स्वेटर घाल." जूनच्या उन्हात.