संघमित्राचा ताबा

विंचूर, ४ फेब्रुवारी १९८२

चि. विमलला आजी भिमाबाईचा जयभीम आणि पोटभर माया.

तुझ्या अर्जाचा मसुदा पोचला. अंबूबाई मास्तरीणबाईंनी तो मला तीनदा वाचून दाखवला. हे सांगणंही त्याच लिहून घेताहेत. वकील न करता फारकतीचा अर्ज स्वतः लिहितेस, ऊर भरून आला. आपल्यात आजवर अंगठेच होते. देवराम सही द्यायला राजी आहे म्हणतेस. लग्नाला तो इतक्या लवकर राजी झाला नव्हता.

पण पोरीचं कलम खोड. म्हणे, ‘संघमित्रा आईजवळ राहील.’ पाहुणी आहे का ती? माझ्या फारकतीत पंचांनी असंच लिहिलं होतं, पोरगं आईजवळ वाढेल. वाढलं. नऊ वर्षांचं झालं, बैल हाकायला लागलं, तसा बाप येऊन घेऊन गेला. पंच म्हणाले, वाढवायचं लिहिलं होतं, ते झालं. तो तुझा थोरला चुलता. तू त्याला दोनदाच पाहिलंस. कोर्टात नेमका शब्द विचार आणि तोच लिही. गोड लिहायला लग्नपत्रिका असते.

माया आटू देऊ नको.
तुझ्या आजीचा अंगठा

नाशिक, १५ फेब्रुवारी १९८२

ती. आजीस विमलचा सप्रेम जयभीम.

कारकुनाला विचारलं. शब्द ‘ताबा’. तो मला शेताबितासाठीचा वाटायचा, म्हणून टाळला होता. आता लिहिलं: अज्ञान मुलीचा ताबा आईकडे, वडिलांना दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दहा ते पाच भेटीचा हक्क. कायद्यात लहान मुलांना ‘अज्ञान’ म्हणतात हे ऐकून संघमित्रा रुसली आहे. तिला बारापर्यंत पाढे येतात.

काल देवराम लष्करी कॅम्पातून आला. म्हणाला, ‘जवळ राहील’ लिही, आत्ता सही करतो. ताबा लिहिलास तर नाही, मी काय पोर पळवणार आहे? मी म्हटलं, पळवणार नसाल तर ताब्याची अडचण काय? जाताना संघमित्राची शाळा किती वाजता सुटते ते विचारून गेला.

शब्द मी बदलणार नाही. एकटीचा अर्ज करीन, वर्षं लागली तरी.

लोभ आहेच, तो असाच राहो.
विमल

विंचूर, १९ फेब्रुवारी १९८२

चि. विमलला जयभीम.

बदलू नकोच. सही मागितलीस आणि त्याच्या मनातलं कळलं, फुकटात. उद्या पहिल्या एसटीनं निघते. पत्र आधी पोचतं की मी, बघू. संघमित्राच्या बाईंना सांग, शाळेच्या फाटकाशी रोज एक म्हातारी बसेल. कोर्ट तू बघ, फाटक मी बघते. मला अक्षर ओळखता येत नाही, नातजावयाचं तोंड ओळखता येतं.

भाकरी एक जास्त टाक.
आजी