रत्नम्माला माझ्यासमोर बसव

निलंगा,
ता. ११ मे १९८६

सुग्राला आपाचा सलाम आणि दुआ.

तुझं पत्र पोचलं. इथं समदे खुशाल, फक्त पाणी न्हाई. लातूर जिल्हा झाला, कलेक्टर आला, टँकर मात्र मर्जी झाली तर येतो. तुमच्या नांदेडला गोदावरी तरी हाय. तुझं नशीबच तसं, लहानपणापासून.

अम्माबी तुझ्याकडंच राहिली, तुझ्याकडंच गेली. मी येष्टीनं धावत आले, थोरली म्हणून अम्माच्या अंगावर गुस्लचं पाणी मी घातलं. तिच्या मिटल्या पापण्यांना ओठ लावले. अन् मिट्टी झाल्यावर तू सांगतीस, "आपा, अम्माचे डोळे दवाखान्याला दिले." या अल्ला! मी रिकाम्या पापण्यांचा मुका घेतला गं.

तवापासून साऱ्या खानदानात मीच बोंब मारली, की सुग्रानं मय्यत कापली. बरसीला तुझ्या दारात कुणी जाऊ नका, हेबी मीच सांगितलं. वरून फतवा आणावा म्हणून मौलानांकडं गेले. ते म्हणाले, "शरीर अल्लाची अमानत आहे. मय्यतीचं हाड मोडणं जित्याचं मोडण्यासारखं, म्हणून धर्म जाणणारे काही आलिम नाही म्हणतात. पण आंधळ्याला दिसणार असेल, सौदा नसेल, मरणाऱ्याची मर्जी असेल, तर काही जायज म्हणतात. अम्मांची मर्जी होती का?"

मी पदर सावरत उठूनच आले.

होती मर्जी. शेवटच्या ईदला शीरखुर्मा मी वाढत होते, अन् अम्मा तुला म्हणाली, "सुग्रे, माझे डोळे कुणाला तरी दे." मी तिथंच उभी. मला का न्हाई सांगितलं? मी काय परकी होते?

आता तू लिहितीस, चाकूरच्या दुकानदाराची सून रत्नम्मा अम्माच्या डोळ्यानं बघती. तुझ्या घरी आली, तुझं तोंड हातात धरून बघत बसली. वाचलं अन् जळले गं मी, लई जळले. मेल्यावरबी अम्मा आधी तुझ्याकडंच बघती! बुबुळावरचा पडदा तेवढा बसवतात, नजर ज्याची त्याची, असं डॉक्टर म्हणतात. कळतं मला. कळून काय उपयोग?

बरसीला येते. अम्माची मर्जी होती, हे साऱ्यांसमोर मीच सांगते. पण रत्नम्मालाबी बोलव. तिला माझ्यासमोर उजेडात बसव. अन् तेवढा वेळ तू चुलीपाशी रहा, मधी येऊ नको.

तुझ्यावर अजून रागावलेली,
अम्माची थोरली,
कुबरा