भाऊरावांची बाजू

१२ जानेवारी १९८६, रविवार. पांढुर्णा

भाऊराव इंजेक्शन घेतो. रोज सकाळी, मांडीत. सौंसरच्या डॉक्टरांकडचा कंपाउंडर मोतीराम यानं आज स्वतः सांगितलं. कसलं, तेही सांगितलं — इन्सुलिन.

म्हणजे त्यालाही शुगर आहे. माझाच रोग!

गेल्या सव्वीस जानेवारीला शनिवार होता. सौंसर ते जामसांवली आणि परत, पन्नाशीवरच्यांची दौड. मी मारुतीचा शनिवार धरला. पोटात अन्नाचा कण नाही, पण शुगरची गोळी मात्र नेमानं घेतली. मूर्खपणा माझाच. जामसांवली फर्लांगभर राहिली आणि पाय वाकडे पडू लागले, जीभ जड, अंगभर घाम. पडलो. शुद्धीवर आलो तो जामसांवलीच्या मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर, तोंडात संत्र्याची चव. नशा उतरवायला कुणी रस पिळला असणार. कारण तोवर सगळीकडे एकच वाक्य झालं होतं — 'दत्तूभाऊ पिऊन धावले.'

सांगणारा भाऊराव. तोही दौडीत होता, माझ्या मागून येत होता; त्यानंच मला उचलून आणलं. एकटा साक्षीदार तोच.

खरं काय ते सांगायला निघालो होतो. सुनंदा म्हणाली, आपल्या पोरीचं, जयश्रीचं, मोहगावला जमत आलं आहे, आजाराचं नाव काढू नका. नाही काढलं. मे महिन्यात लग्न झालं. पण वर्षभर चहाच्या टपरीवर मी गेलो की बोलणं थांबतं.

आजवर वाटायचं, भाऊरावाला कळलं नसेल. शुगरवाल्याला कळलं नाही? जाणूनबुजून बोलला तो.

१३ जानेवारी

लघवी तपासली. हिरवी, म्हणजे थोडी साखर आहेच. भाकर दीडची एक केली. तिगावच्या रस्त्यानं सहा मैल, खिशात गुळाचा खडा. संपूर्ण वाट भाऊरावाचा चेहरा समोर ठेवला. चांगलं पळवतो तो चेहरा.

१४ जानेवारी, संक्रांत

सौंसरला बातमीसाठी गेलो होतो. भाऊराव आपल्या बगीच्याची संत्री बाजारात उतरवून घेत होता. मला पाहून आला, तिळगुळाची पुडी हातात ठेवली. म्हणाला, "खाऊ नका जी आत्ता. खिशात राहू द्या, पळताना कामी येते."

आजूबाजूचे हसले. तो पण हसला.

पुडी टेबलाच्या खणात ठेवली आहे. जपून.

१९ जानेवारी

दुसरी खात्री झाली. औषधवाले नत्थूजी म्हणाले, भाऊराव नागपूरहून थर्मासात बर्फ घालून शिश्या आणतो. घरच्यांशिवाय कुणाला माहीत नाही, तुम्हीही बोलू नका.

बोलणार नाही. लिहीन.

सकाळी आठ मैल. कारल्याचा रस, मग गोळी, मग अर्ध्या तासानं भाकर. आता क्रम चुकत नाही. डॉक्टर म्हणतात, तुमच्या वयात असा नेम पाहिला नाही. त्यांना नेमामागचं कारण माहीत नाही.

२३ जानेवारी

बातमी तयार. चौदा ओळी. 'जामसांवली दौडीत तीन वेळा प्रथम आलेले सौंसरचे भाऊराव हे धावण्यापूर्वी इंजेक्शन घेत असल्याची खात्रीलायक माहिती हाती आली आहे. आयोजकांनी खुलासा करावा, अशी मागणी होत आहे.'

मागणी करणारा मी एकटा. पण बाकी शब्दन् शब्द खरा. इन्सुलिन हा शब्द तेवढा घातला नाही. तसं त्यानं तरी माझी गोळी कुठे सांगितली होती?

सव्वीस वर्षं वार्ताहरकी केली. ज्याच्यावर बातमी, त्याला एकदा विचारायचं — हा नेम कधी मोडला नाही. तहसीलदारालाही विचारलं, पॉकेटमारालाही. भाऊरावाला विचारलं नाही. त्यानं मला विचारलं होतं?

२४ जानेवारी

संध्याकाळच्या पॅसेंजरनं पाकीट नागपूरला गेलं. वर लिहिलं — २६च्या अंकासाठी. सव्वीसला प्रेसला सुट्टी, सत्तावीसला पेपर नाही. त्याचा खुलासा छापून यायचा तर अठ्ठावीस उजाडेल. दोन दिवस लोक त्याच्याकडे बघून बोलणं थांबवतील. मला वर्ष मिळालं, त्याला दोन दिवस. स्वस्तात सुटला.

आज जेवण गोड लागलं. गोड काहीच नव्हतं.

२५ जानेवारी, शनिवार. दुपार

उपास नाही. वरण, भाकर, मेथी. उद्यासाठी बूट पुसले.

सुनंदाला बातमीची कार्बन कॉपी वाचून दाखवली. वाटलं, खूश होईल. ती निवडत होती ती मेथी तशीच हातात राहिली.

म्हणाली, "भाऊरावजींले काऊन धरून राहिले तुम्ही? पिऊन आले म्हणून सांगा, असं मीच म्हटलं होतं त्यायले."

त्या दिवशी मोहगावची मंडळी तिच्यासोबत दर्शनाला आली होती. भाऊरावांनी मला ओट्यावर ठेवलं, संत्र्याचा रस तोंडात पिळला, आणि हळूच तिला विचारलं, शुगर आहे का? ती घाबरली. मंडळी जवळ येत होती. "दारू एका दिवसाची असते जी," ती म्हणाली, "शुगर पोरीच्या रक्तात हाय म्हणतील." भाऊराव नाही म्हणत होते. तिनं पाय धरले, तेव्हा बोलले.

मला का सांगितलं नाहीस? तर म्हणे, तुम्ही त्या रागानं पथ्य पाळत होते. म्हटलं, राहू द्या.

२५ जानेवारी. संध्याकाळ

ट्रंक कॉल तीन तासांनी लागला. उपसंपादक म्हणाला, पान छापायला गेलं. बातमी झकास आहे.

उद्या सातला दौड सुटेल. भाऊराव नेहमीप्रमाणे माझ्या डाव्या हाताला उभे राहतील. जामसांवलीला वळसा घालून आम्ही परत सौंसरात शिरू, तोवर नागपूरच्या पहिल्या बसनं गठ्ठा उतरलेला असेल.

तिळगुळाची पुडी खिशात घातली आहे.