आरसा क्रमांक दोनवरील कुंकू पुसण्याबाबत

प्रति,
मा. जिल्हा समन्वय अधिकारी,
महिला कौशल्य प्रशिक्षण कक्ष,
परभणी.

विषय : सेलू केंद्रातील लेझर यंत्राच्या आरसा क्र. २ वरील कुंकू पुसण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा याच विषयावरील अर्ज, दि. ६ ऑक्टोबर २०२५.
२) त्यावर मुख्य लिपिक यांनी दिलेली सूचना. (तोंडी असल्याने जावक क्रमांक नाही.)
३) आपल्या कार्यालयाची नोटीस, ‘यंत्र बंद का?’, दि. १७ ऑक्टोबर २०२५.

महोदय,

१. अर्जदार ही सेलू केंद्रात कंत्राटी निदेशिका असून तिचे शिक्षण एम.एस्सी. (भौतिकशास्त्र) आहे. लाकडावर व अॅक्रिलिकवर अक्षरे कोरणारे लेझर यंत्र वापरण्यास शिकवणे आणि त्या यंत्राची रोजची स्वच्छता करणे, ही दोन कामे तिच्या नेमणूक आदेशात लिहिली आहेत. दुसरे काम नीट झाले नाही तर पहिले करता येत नाही, हे आदेशात लिहिलेले नाही. ते यंत्रानेच सांगितले.

२. दि. १ ऑक्टोबर रोजी खंडेनवमीनिमित्त आपण स्वतः केंद्रात येऊन यंत्राची पूजा केली. अर्जदाराने झेंडू आणले होते व पूजेचे ताटही तिनेच धरले होते. नारळ कोठे फोडावा हे आपण तिला विचारले, आणि तिने सांगितल्याप्रमाणे तो बाहेर पायरीवर फोडला, याबद्दल ती आजही आभारी आहे. कुंकू कोठे लावावे हे मात्र आपण विचारले नाही. झाकण उघडे होते. आत डाव्या बाजूला रुपयाएवढा सोनेरी, वाटोळा, चकचकीत भाग दिसत होता. देवाच्या मुखवट्याकडे जावा तसा आपला हात तिकडे गेला आणि ओल्या कुंकवाचे बोट त्याच्या बरोबर मध्यभागी टेकले. टाळ्या वाजल्या. अर्जदाराच्या हातात ताट असल्याने तिला ना टाळी वाजवता आली, ना आपला हात धरता आला.

३. तो सोनेरी भाग म्हणजे आरसा क्र. २. या यंत्रातला किरण डोळ्यांना दिसत नाही. तो मागच्या काचेच्या नळीतून निघतो, तीन आरशांवरून वळतो, शेवटी भिंगातून खाली उतरतो आणि लाकूड जाळतो. आरसा स्वच्छ असेल तर किरण नुसता वळून पुढे जातो. मध्ये काही आले तर तो त्यालाच जाळू लागतो, आरसा तापतो आणि तडकतो. म्हणून त्या दिवसापासून अर्जदाराने यंत्र चालू केलेले नाही. संदर्भ ३ मधील प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे.

४. पूजेनंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी अर्जदार कापसाचा बोळा घेऊन यंत्रापाशी गेली असता केंद्राचे मुख्य लिपिक श्री. बन्सीधर सोळंके धावत आले. “ओ मॅडम, साहेबाच्या हातचं हाय ते! लेखी आणा, मग पुसा,” असे ते म्हणाले. अर्जदाराने लेखी अर्ज दिला. त्यावर श्री. सोळंके यांनी पुढील पर्याय सुचवले. कुंकू आपोआप झडेपर्यंत थांबावे. किंवा यंत्र ‘हळू’ चालवावे. किंवा उरलेल्या दोन आरशांनाही कुंकू लावावे, म्हणजे तिन्ही सारखे दिसतील. त्यांची खरी अडचण वेगळी आहे, आणि ती अर्जदाराला समजते. आपण कुंकू लावतानाचा फोटो कक्षाच्या अहवालात गेला आहे. उद्या तपासणी पथक आले आणि फोटोत आहे ते यंत्रावर नाही असे निघाले, तर तफावतीचा खुलासा सोळंके यांना करावा लागेल.

५. दरम्यान सेलूत जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी काढण्याचा हंगाम सुरू झाला आहे. हवेत कापसाची बारीक लव असते. ती यंत्राच्या पंख्याला, रुळांना, भिंगाला बसते आणि ठिणगी पडल्यास पेटते. अर्जदार रोज सकाळी ही लव ब्रशने काढते, पंख्याची जाळी झाडते, पाण्याची टाकी पाहते, भिंग पुसते. बंद यंत्राची इतकी चोख देखभाल जिल्ह्यात दुसरीकडे होत नसावी. देखभाल वहीत आरसा क्र. २ पुढे ती रोज ‘कुंकू जैसे थे’ असे लिहिते व श्री. सोळंके त्याखाली सही करतात.

६. एक गोष्ट लिहावी की नाही, यावर अर्जदाराने बराच विचार केला. दिवाळीपूर्वी कार्यालयातच, चारचौघांत, श्री. सोळंके म्हणाले, “तुमच्यात लावत न्हाईत ना, म्हणून तुमाला खुपायलंय ते.” अर्जदार बौद्ध आहे, ही माहिती बरोबर आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. बुद्धपौर्णिमेला अर्जदाराच्या घरी लावलेल्या मेणबत्तीचे मेण त्या आरशावर पडले असते, तर तेही तिने तितक्याच काळजीने पुसले असते. आरशावर काय आहे एवढेच किरणाला कळते. ते कोणाचे आहे हे कळत नाही. अर्जदाराने हे सांगण्याआधीच बोलल्या त्या प्रशिक्षणार्थी गीताबाई धोपटे : “सोळंके भाऊ, मी बी शिलाई मशीनची पूजा करते. चाकाला लावते कुंकू, सुईच्या नाकात न्हाई कोंबत!” त्यानंतर हा मुद्दा कार्यालयात पुन्हा निघालेला नाही.

७. आता मुख्य गोष्ट. या तुकडीची प्रात्यक्षिक परीक्षा दि. १० नोव्हेंबर रोजी असून परीक्षक बाहेरून येणार आहेत. प्रत्येकीने त्यांच्यासमोर स्वतः यंत्र लावून एक पट्टी कोरून दाखवायची आहे. यंत्र बंद असल्यास त्या रकान्यात शून्य पडते आणि सगळी तुकडी नापास होते. शून्यासमोर कारण लिहायला जागा नाही. या बायका पेडगाव व आसपासहून ऐन वेचणीच्या दिवसांत येतात. गीताबाईंच्या सासूने त्यांना विचारले आहे, “कापूस झाडाला लोंबायलाय आन् तू बंद मशीन बघायला रोज सेलूला जातीस व्हय?” यावर काय उत्तर द्यावे ते गीताबाईंनी अर्जदाराला विचारले. अर्जदार तोच प्रश्न आपल्याकडे पाठवत आहे.

८. तरी (अ) आपण केंद्रात येऊन सदर कुंकू स्वतःच्या हाताने पुसावे, अर्जदार ताट धरेल. किंवा (ब) पुसण्याचा अधिकार अर्जदारास द्यावा. किंवा (क) कुंकवासह यंत्र चालवण्याचा लेखी आदेश द्यावा व आरसा तडकल्यास त्याची जबाबदारी कोणाची हे त्यात नमूद करावे, ही विनंती.

९. येथपर्यंतचा मजकूर आज दुपारी लिहून झाला होता. तेवढ्यात गीताबाई टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. “बाई, तुमचा अर्ज लांबायलाय आन् परीक्षा जवळ यायलीय,” एवढेच म्हणून त्या यंत्राशेजारी जाऊन बसल्या. अर्जदाराने पेन खाली ठेवले. यंत्राचा वीजपुरवठा बंद असल्याची खात्री केली. वाळलेल्या कुंकवावर आरसे पुसण्याच्या द्रावणाचा थेंब ठेवून ते मऊ होईपर्यंत वाट पाहिली. मग न घासता, एकाच दिशेने, दर वेळी नवा बोळा घेऊन आरसा पुसला. कडेला फिकट तांबूस डाग राहिला आहे. किरण तेथून जात नाही. बोळे गीताबाईंनी कचऱ्यात टाकू दिले नाहीत, ते आवारातल्या तुळशीपाशी ठेवले. येताना त्यांनी यंत्राच्या बाहेरच्या पत्र्यावर ताजे कुंकू लावले. फोटो नव्याने काढता येईल.

१०. हे चालू असताना श्री. सोळंके खोलीतच होते. पण ते पाठमोरे उभे राहून खिडकीतून रस्ता पाहत होते. त्यांनी काहीही पाहिले नाही, असे या अर्जात आवर्जून लिहावे, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. त्याप्रमाणे लिहिले आहे.

११. सबब, विषयातील ‘परवानगी’ हा शब्द ‘कार्योत्तर मंजुरी’ असा वाचावा. मंजुरी न मिळाल्यास होणारी कारवाई एकट्या अर्जदारावर व्हावी, आणि शक्य असल्यास दि. १० नोव्हेंबरनंतर व्हावी.

उत्तराची वाट न पाहिल्याबद्दल दिलगीर,
आपली नम्र,

(सही)
मनिषा दत्तराव वाव्हळे
कंत्राटी निदेशिका, सेलू केंद्र
दि. ३० ऑक्टोबर २०२५

सोबत :
१) संदर्भ १ मधील अर्जाची प्रत.
२) देखभाल वहीच्या ऑक्टोबर महिन्यातील पानांची प्रत.
३) सागवानी पट्टी, एक. तिच्यावर प्रशिक्षणार्थी गीताबाई धोपटे यांनी आज सायंकाळी, कोणाचीही मदत न घेता, लेझर यंत्रावर कोरलेले स्वतःचे नाव. ही पट्टी फाइलला लावू नये. त्यांना ती घरी सासूबाईंना दाखवायची आहे, तरी लवकर परत पाठवावी.